आत्याकडची ठेव

“भावाच्या घरात तोंड उघडण्याआधी वहिनीच्या तोंडाकडे बघत जा.” आई जाऊन किती वर्षं लोटली, तरी आत्याच्या कानात हे वाक्य वाजायचं. फक्त नेमकं हवं तेव्हा नाही.

त्या सकाळीही वाजलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आत्या, तिचा धाकटा भाऊ आणि वहिनी बसले होते. आत्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. पर्सची चेन उघड, मिट, पुन्हा उघड, असं चाललं होतं.

काचेपलीकडे भाची झोपली होती. जन्मल्या जन्मल्या तिच्या आतड्याला पीळ पडला आणि बरंचसं आतडं कापून काढावं लागलं. तेव्हापासून तिचं जेवण छातीजवळच्या शिरेतून, सलाईनवाटे. त्याच जेवणानं पोर जगली आणि त्याच जेवणानं तिचं लिव्हर बिघडलं. डोळे पिवळे, तळवे पिवळे. आत्या तिला लाडानं ‘पिवळू’ म्हणायची.

“दोन वाटा आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सलाईनमधलं तेल बदलायचं, लिव्हरला कमी जाचणारं घालायचं, तोंडानं दूध हळूहळू वाढवायचं आणि आतडं जोर धरतंय का ते बघायचं. नाहीतर आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात पाठवून नवं लिव्हर...”

“माझं घ्या की!” आत्या म्हणाली. “रक्तगट जुळतो, मी विचारून आलेय. एवढा ऐवज अंगावर घेऊन फिरते, कुणाच्या तरी कामी येऊ दे.”

भाऊ हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. “ताई तयार आहे, मग वाट कशाला बघायची?”

“आईला काय वाटतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“आईला काय वाटणार?” उत्तर आत्यानंच दिलं. “कुठल्या आईला हे बघवेल?”

“ताई.” वहिनीचा आवाज चढला नव्हता. “ती पिवळू नाही. आणि त्यांनी मला विचारलंय.”

आत्याच्या पर्सची चेन उघडीच राहिली.

वहिनी डॉक्टरांकडे वळली. “ताईंनी लिव्हर दिलं, पण आतडं तसंच तोकडं राहिलं, तर तिला हीच सलाईन लागणार. मग तेही नासेल ना?”

“नासू शकतं. आतड्यानं साथच दिली नाही, तर दोन्ही बदलायची वेळ येते, आणि ते फार मोठं ऑपरेशन. पण थांबण्यातही धोका आहे. लिव्हर आणखी ढासळलं तर घाई करावी लागेल. मी कसलाच शब्द देऊ शकत नाही.”

“काल चमच्यानं दिलेलं दूध तिनं पचवलं. आज पुन्हा घेतलं. मला थांबायचंय.”

आता कुठे आत्यानं वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ चावून चावून फुटले होते. ही निर्धास्त नव्हती. भीती हिलाही होती, आणि ती घेऊन ही थांबणार होती. भावानं बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि मान हलवली.

बाहेर आल्यावर आत्या पुटपुटली, “म्हणजे माझं काही काम नाही.”

“काम पडलं तर दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊ?” वहिनीनं तिचा हात धरला. “तोवर ते तुमच्याकडेच सांभाळून ठेवा. देणाऱ्याच्या लिव्हरवर चरबी नको, म्हणाल्यात डॉक्टर.”

“म्हणजे बेकरीतले केक बंद?”

“निदान चाखणं.”

“पोटावर पाय देतेस गं माझ्या!” दोघी हसल्या, आणि ते हसू मध्येच ओलं झालं. “दिला शब्द,” आत्या म्हणाली.

दुपारी ती बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढत होती. शेजारच्या टेबलावर काम करणारी बाई टक लावून बघत होती. “आज बोट चाटलं नाहीस ते? बरी आहेस ना?”

“नेम केलाय.”

“किती दिवसांचा?”

“भाचीला विचारून सांगते,” म्हणत आत्यानं बोट फडक्याला पुसलं.

काम सुटलं. बस येऊन थांबली, दार उघडलं. पाय सवयीनं पुढे झाले. तिनं ते मागे घेतले. नुसता केक सोडून चरबी थोडीच उतरणार? मन अजून हॉस्पिटलात येरझारा घालत होतं. आत्ता दूध दिलं असेल का? राहिलं असेल का पोटात?

‘देवा,’ ती मनात म्हणाली, ‘हे माझ्याकडून घ्यायची वेळ आणू नकोस. आणलीसच, तर लख्ख देईन.’

बस निघून गेली. आत्यानं वाकून बुटांच्या नाड्या आवळल्या आणि घराच्या दिशेनं चालू लागली.