उरलेल्या सिमेंटच्या तीन कबरी

माझ्या भावजयीला मी कबरी दाखवून पळवून लावलं, असं आमच्या बेटावरच्या डंकन्स पीस या डोंगरातल्या वस्तीत सगळे म्हणतात. चर्चच्या पायऱ्यांवर म्हणतात, क्रिस्टियाना गावच्या बाजारात बटाटे निवडताना म्हणतात, आणि मी जवळ आले की पाऊसपाण्याचं बोलायला लागतात. म्हणू देत. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पण कबरी मी बांधून घेतल्या, तेव्हा पुढे काय झालं तेही मीच सांगितलेलं बरं.

लॅसल्स माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, त्याला वाढवलं ते मीच. एकोणिसाव्या वर्षी तो इंग्लंडला, बर्मिंगहॅमला गेला. तिथे जन्मभर बस चालवली आणि तिथेच पॉलेटशी लग्न केलं. तिचे आईबाप बार्बेडोसचे, पण ती जन्माने तिथलीच. आमच्याकडचं ऊन तिने सुट्टीपुरतं पाहिलेलं. जाताना लॅसल्स म्हणाला होता, पाच वर्षांत परत येतो. इथून जाणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. मीही मान हलवली आणि त्याच्या पिशवीत भाजलेला नीरफणस कोंबला.

त्याची पन्नाशी उलटली तेव्हा एका रविवारी फोन आला. म्हणाला, सिस, रिटायर झालो की आम्ही तिकडेच येणार. आईच्या जागेत, वरच्या अंगाला घर बांधू. मी भांडी घासत होते. हात पुसायचंसुद्धा सुचलं नाही मला. रिसीव्हर साबणाने बरबटला.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. समुद्रापलीकडे बसलेल्या माणसाचं घर बांधून पाहा म्हणावं! आमच्याकडे घर एकदम उभं राहत नाही. एक खोली होते, मग काम थांबतं. भिंतींवर लोखंडी सळ्या आभाळाकडे तोंड करून वर्षानुवर्षं उभ्या राहतात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला समजतं की मालक परदेशात आहे. लॅसल्सच्या घराचंही तसंच. दर रविवारी मी चर्चहून आले की त्याचा फोन यायचा आणि आम्ही घर बांधायचो. आधी जमिनीखालची पाण्याची टाकी, कारण आमच्या डोंगरावर नदी नाही, छपरावरचं पाणी साठवलं तरच प्यायला मिळतं. मग व्हरांडा, त्याचे खांब. दोन खांब की चार, यावर आमचे चार रविवार गेले. आमचा गवंडी एग्बर्ट, मानाने मास एग्बर्ट. काम चोख, पण डोळ्याने जरा तिरपा. त्याने बसवलेल्या दाराच्या चौकटीतून माणसाने मान वाकडी करून आत जावं. हे मी लॅसल्सला सांगितलं की तो तिकडे इतका हसायचा, इतका हसायचा, की पॉलेट मागून विचारायची, काय झालं? तेवढं हसू ऐकलं की माझा आठवडा निघायचा.

मधल्या काळात माझी मुलगी मार्व्हा टोरंटोहून मागे लागली होती. माझे तिकडे राहायचे कागद तिने करून घेतले होते, खोली रंगवून ठेवली होती. मी म्हटलं, अगं, स्लॅब पडायचाय. तुझ्या मामाचं घर कोणावर सोडून येऊ, एग्बर्टवर? पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं, तेव्हा खिडक्या बसायच्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी तिने विचारलं नाही. तिची मुलं आता माझ्याशी फोनवर बोलतात ती शाळेतल्या बाईंशी बोलावं तशी, नीट आणि थोडंसं. मला वाईट वाटायचं, पण वाटायचं, लॅसल्स आला की सगळं भरून निघेल.

स्लॅबच्या दिवशी मात्र सगळी वस्ती आली. आमच्याकडे स्लॅबला मजूर लावत नाहीत, माणसं आपणहून येतात आणि बादल्या हातोहात वर जातात. मास एग्बर्टने पहिल्यांदा जमिनीवर रम शिंपडली. बोकड कापला होता, मुंडीचं सूप चुलीवर रटरटत होतं, आणि काम करणाऱ्यांपेक्षा सल्ले देणारेच जास्त होते. लॅसल्सला यायला जमलं नव्हतं. मी फोन लावला आणि हात उंच करून धरला, म्हणजे त्याला फावड्यांचा आवाज ऐकू यावा. किती वेळ धरला कोण जाणे, खांदा भरून आला. कानाला लावला तर नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, रडतोयस काय? तो म्हणाला, हो.

मला काय ठाऊक, कशासाठी ते.

शेवटी व्हरांडा झाला, ग्रिल झाले, पॉलेटने पसंत केलेल्या गुलाबी टाइल्स बाथरूमला लागल्या. त्या दोघांचं येण्याचं नक्की झालं. एग्बर्ट म्हणाला, मिस सिल्डा, फोडलेल्या पोत्यांतलं सिमेंट उरलंय, दगड होऊन जाईल, काय करू? आता आमच्याकडे शहाणं माणूस आपली कबर जिवंतपणीच बांधून ठेवतं. मागे राहिलेल्यांची धावपळ होत नाही. वडील आणि आई आवारातच आहेत, घराच्या मागे. मी म्हटलं, आईच्या शेजारी लॅसल्सची बांध, त्याच्या शेजारी पॉलेटची, आणि टोकाला माझी. पॉलेटला परकं वाटायला नको. एग्बर्टने ओल्या सिमेंटवर खिळ्याने नावं काढली, जन्मसालं काढली, पुढची जागा मोकळी ठेवली. बाथरूमच्या टाइल्स उरल्या होत्या, त्याही वर बसवल्या. एवढ्या सुंदर कबरी आमच्या वस्तीत कोणाच्या नाहीत. लोक बघायला येत होते.

ते दोघं आले त्या दिवशी मी नारळाच्या दुधातला राजमाभात केला होता, कोंबडी केली होती. त्यांच्याबरोबर दोनच बॅगा होत्या. मी विचारलं, बाकीचं सामान? लॅसल्स म्हणाला, बोलू सावकाश. इंग्लंडहून परत येणारी माणसं चमच्यांपासून पडद्यांपर्यंत पिंपंच्या पिंपं भरून बोटीने पाठवतात. मला वाटलं, बोटीला उशीर झाला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या माझ्या लाकडी घरातून मी अंडी घेऊन वर गेले. पॉलेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. किटली उकळून बंद पडली होती, तिचं लक्ष नव्हतं.

"इसिल्डा, बाहेर ते माझं नाव आहे का?"

"हो तर. जन्मसाल बरोबर आहे ना? एग्बर्टचा काही भरवसा नाही."

"आणि त्या माझ्या बाथरूमच्या टाइल्स आहेत."

"उरल्या होत्या. वाया कशाला घालवायच्या?"

तिने ओट्याची कड धरली. मला वाटलं, गहिवरून आलं असेल. म्हणून मी आणखी सांगत सुटले: जागा कोरडी आहे, सकाळचं ऊन येतं, पाणी साचत नाही, लॅसल्सच्या अगदी लगत ठेवलंय तुला. तिच्या तोंडावरचा रंग उडाला तरी माझी जीभ थांबेना.

"तुम्ही मनापासून केलंय, मला कळतंय," ती म्हणाली. "पण मी इथे उभी राहून रोज भांडी नाही घासू शकणार."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. दुपारी लॅसल्सने तिला मँडव्हिलच्या हॉटेलात नेलं. जाताना तिने मला मिठी मारली. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

मग मी एग्बर्टची हातोडी आणली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पॉलेटच्या कबरीवरच्या टाइल्स फोडायला सुरुवात केली. एग्बर्टची चौकट तिरपी असते, पण सिमेंट पक्कं असतं. माझ्या हाताला झिणझिण्या आल्या. तेवढ्यात लॅसल्स गाडीतून उतरला. एकटाच होता.

"तिला सांग, मी सगळं काढून टाकते," मी म्हटलं. "तिचीच नाही, माझीसुद्धा. मोगरा लावते इथे. तिला घेऊन ये."

त्याने माझ्या हातातून हातोडी काढून घेतली आणि आईच्या कबरीच्या कडेवर बसला. तो म्हातारा झालाय हे मला तेव्हा दिसलं.

"सिस, आमची परतीची तिकिटं आहेत. आधीपासूनच. कबरींमुळे नाही."

"मग कधी येणार?"

"येणार नाही. राहायला नाही येणार."

पॉलेटच मन वळवत असेल, असं मी म्हणाले. आणखीही वाईट काहीतरी म्हणाले तिच्याबद्दल. त्याने मला बोलू दिलं. मग म्हणाला की पॉलेट यायला तयार होती. त्याचंच मन इथून उडालं होतं. नातवंडं तिकडे, डॉक्टर तिकडे, चर्चमध्ये त्याचा ठरलेला बाक तिकडे. मागच्या खेपेला क्रिस्टियानाच्या बाजारात पोरांनी त्याला 'ए इंग्लिश' म्हणून हाक मारली, आणि त्याने आपलंच नाव असल्यासारखं वळून पाहिलं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"स्लॅबच्या आधीपासून."

"मग व्हरांडा कशाला बांधलास? टाइल्स कशाला निवडल्यास? खांबांवरून माझ्याशी महिनाभर भांडलास की रे तू."

"तू फोनवर इतकी खुलायचीस, सिस. घराचं काढलं की तुझा आवाजच बदलायचा. बाकी तुला इथे होतं कोण? मी थांबवलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"मी मार्व्हाकडे गेले असते."

त्याला ते माहीतच नव्हतं. त्याला ओझं वाटू नये म्हणून मार्व्हाच्या बोलावण्याचं मी कधी सांगितलंच नव्हतं. आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्याने आपलं सांगितलं नव्हतं. एकमेकांवरच्या मायेने आम्ही दोघांनी मिळून ते घर बांधलं, आणि त्यात राहायची इच्छा दोघांपैकी एकालाही नव्हती.

मग तो म्हणाला, "तू राहा ना त्यात. सगळं तुझंच आहे."

"मला घर नको होतं रे, लॅसी. मला तू हवा होतास."

तो रडायला लागला. मी रडले नाही. मला एकच विचारायचं होतं, ते विचारून टाकलं. मेल्यावर तरी येशील ना? आईच्या शेजारी?

त्याने मान खाली घातली. "पोरांना रविवारी फुलं घेऊन जाता येईल अशी जागा हवी, सिस. पॉलेटने आणि मी तिकडे घेऊन ठेवलीय."

तेव्हा मी हातोडी परत मागितली. म्हटलं, पॉलेटची राहू दे, ती बिचारी यायला तयार होती. तुझी फोडायची आहे. मी वाकले, पण त्याच्या नावावर घाव घालायला माझा हात उचलेना. त्याच्या पहिल्या पाटीवर ते नाव मीच गिरवून दिलं होतं. शेवटी त्यानेच हातोडी घेतली आणि स्वतःचं नाव स्वतः फोडलं, सगळं, जन्मसालासकट. मी खपल्या उचलून टोपलीत भरत होते.

पुढच्या आठवड्यात ते गेले. एग्बर्ट येऊन सगळं बघून गेला आणि विचारलं, मिस सिल्डा, आईच्या शेजारी आता काय करायचं? तुमची तिकडे सरकवू का?

मी त्याला म्हटलं, ती जागा मोकळी राहू दे. मन बदलतं माणसाचं.