मांगीलालशेठांचं प्रस्थान

साठी उलटल्यावर पिंपळनेरच्या मांगीलालशेठांना मारवाडात परत जायची हुक्की आली. बायको गुलाबबाई म्हणाल्या, "खुशाल जा, मी नाही येत." शेठांचा पाय निघेना आणि मुहूर्त तर टळत चाललेला. मग मुहूर्तावर निघाल्यासारखं व्हावं म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांनी कपड्यांचं गाठोडं शेजारी चुडामणभाऊंच्या ओसरीवर प्रस्थान म्हणून ठेवलं. मुहूर्तावर ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणणं म्हणजे घोर अपशकुन! त्यामुळे धोतर बदलायला शेठ तिकडेच जाऊ लागले. मागोमाग अंथरूण गेलं, मग जेवणही.

चुडामणभाऊ कावले, "शेठ, जानं शे का ऱ्हानं शे?"

"अजून ठरलं नाही."

दिवाळीला शेठ स्वतःच्या घरी आले. गुलाबबाईंनी पाहुण्यांच्या कपात चहा देऊन विचारलं, "मारवाडात पाऊसपाणी कसं?"

शेठ चहा फुंकत म्हणाले, "यंदा बेताचंच."