दुसरं वाक्य कुठं गेलं

तुम्ही माझं बोलणं मधोमध तोडलंत आणि अर्धंच विकलंत. तुमचं नाव मला ठाऊक नाही. चॅनलच्या ऑफिसात विचारलं तर खालचे लोक बोट वर करतात आणि म्हणतात, "वरचे." तर वरच्यांनो, मी छबूबाई. टेकडीच्या बाबांवर गुन्हा दाखल झाला त्या दिवशी तुमच्या पडद्यावर हिरव्या लुगड्यातली जी बाई दुपारपासून सारखी दिसत होती, जिच्याखाली 'बाबा आमचे देवच, भक्त महिलेची भावना' अशी पट्टी पळत होती, ती मी. देव हा शब्द माझ्या तोंडून आलाच नव्हता. तो तुमच्या पदरचा.

मी काय बोलले ते आधी सांगते, कारण आता ते कुणाला आठवत नाही.

टेकडीच्या पायऱ्या सुरू होतात तिथं पोलिसांच्या गाड्या लागल्या होत्या. बाबांची वर चौकशी चालली होती आणि खाली निम्मं गाव टाळ घेऊन बसलं होतं. तुमचा सुहास तिथं होता. पाथर्डीचंच पोरगं, मोटरसायकलवर फिरून तुम्हाला बातम्या पाठवतं. त्यानं माईक माझ्यापुढं धरला. दुसऱ्या एका चॅनलवाल्यानं त्याच्या काखेखालून आपला घुसवला.

मी म्हणाले, "आमी ऊस तोडायला जायचो तवा बाबांनी माझी लेक मठात ठिवली. खाऊ घातलं, शिकीवलं. आज ती नर्स हाय ती त्यांच्यामुळं. आन् ह्याच बाबांनी माझ्या भाचीचं, रेणुकाचं लगीन ती पंधरा वर्साची असताना लावलं. वय म्हाईत असून लावलं. दोन्ही खरं हाय. दोन्ही दाखवा."

एवढंच. एका दमात बोलले. मध्ये खोकलेसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला बाबांच्या विरोधात बोलायचं होतं तर आधी गुणगान कशाला? गुणगान नव्हतं ते. माझ्या लेकीचं नाव निवेदिता. आमच्या वस्तीवर असली नावं नसतात, ते बाबांनी ठेवलेलं. ती मठातून सुट्टीला यायची तेव्हा पुस्तकं आणायची, आणि चुलीपुढं बसून तिनंच मला अक्षरं शिकवली. आज तुम्हाला हे लिहितेय ते त्याच अक्षरांनी. ते मी कसं खाऊन टाकू?

आणि रेणुका कशी खाऊन टाकू? तिची आई, माझी बहीण, ती लहान असतानाच गेली. बाप सहादेव, तोही ऊसतोडीवाला. तोडणीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या गड्याला मुकादम विचारत नाही, म्हणून आमच्याकडं पोरांची लग्नं लवकर उरकतात. बाबांच्या सामुदायिक विवाहात खर्च नाही, वर भांडी मिळतात. सहादेव तोडत होता त्या कारखान्याचा हंगाम लवकर संपून तो गावी आला होता, आमचा कर्नाटकातला अजून चालू होता. मला फडात फोन आला तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. रेणुका सासरी घोडेगावला गेली आणि त्याच वर्षी कोयता हातात घेऊन आमच्याच मागच्या फडात उभी राहिली. पोटुशी होती. ते पोर जगलं नाही.

चार वर्षं ती गप्प होती. यंदा तिच्या धाकट्या नणंदेचं, आठवीतल्या पोरीचं, नाव बाबांच्या विवाहात घातलं, तेव्हा ती उठली आणि ठाण्यात जाऊन बाबांवर तक्रार दिली. मला फोनवर म्हणाली, "मावशी, माजं झालं ते झालं. हिचं नको व्हाया. तू माझ्या बाजूनं बोल. तू मठाच्या घरची, तुजं लोक ऐकतील."

मी बोलले. ऐकलं कुणी?

दुपारी तुमची बातमी लागली. दुसरं वाक्य गायब. गावातल्या बायका घरी आल्या, बाबांची बाजू घेतली म्हणून माझ्या हातावर खडीसाखर ठेवून गेल्या. मी सांगत होते, अगं पुढचं कापलंय, पण भजनाच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय. संध्याकाळी दुसऱ्या चॅनलनं लावलं. त्यांनी पहिलं वाक्य टाकून दिलं आणि खाली लिहिलं, 'बाबांनीच हिरावलं भाचीचं बालपण, महिलेचा टाहो'. मी टाहो फोडला नव्हता. पण गावाला तेवढं पुरलं. दुपारी खडीसाखर देणाऱ्यांनी संध्याकाळी ती परत मागायचीच काय ती बाकी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी रामहरीच्या जीपपाशी गेले. पाथर्डीला जायचं होतं.

"जीप भरली, छबूबाई."

मागं दोन जागा मोकळ्या दिसत होत्या. मी म्हणाले, "त्या कुनाच्या?"

"येनाऱ्याच्या."

"मी आलीच की."

"येनाऱ्याच्या म्हनलो. आलेल्याच्या न्हाई."

आतली माणसं हसली. त्यातल्या दोघींच्या बाळंतपणात मी रात्री जागवल्या होत्या. मी चालत निघाले.

माझा नवरा सूर्यभान गेल्यापासून घरात मी एकटीच. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून भाकरी थापताना मी टीव्ही चालू ठेवायची. तुमचंच चॅनल असायचं, खोटं कशाला बोलू. आता तो बंद असतो. तरी आवाज येतो. शेजारची पोरं ओट्यावर मोबाईल घेऊन बसतात आणि भिंतीपलीकडून मलाच माझा आवाज ऐकू येतो. "आज ती नर्स हाय ती त्यांच्यामुळं." मग हसणं. पुन्हा तेच. आपल्याच घरात आपलाच अर्धा आवाज ऐकत बसायचं, आणि उरलेला अर्धा सांगायला समोर कुणी नाही, ही काय गत असते ते वरच्या मजल्यावरून कळणार नाही.

रेणुका फोन उचलेना. निवेदितानं पुण्याहून उचलला आणि म्हणाली, "आई, तू बोललीसच कशाला? आता तरी गप्प बस." तिला दवाखान्यातल्या बायका विचारत होत्या, तुझी आई नक्की कुणाकडून?

मी सुहासला पाथर्डीच्या एसटी स्टँडवर गाठलं. तो रसवंतीच्या मागं लपायला बघत होता.

"मावशी, शप्पथ घेतो, मी अख्खं पाठवलं हुतं. वरून कापलं."

"वरचे कोन?"

"वरचे म्हंजे वरचे."

"त्यांला आईबापानं नाव ठिवलं न्हाई व्हय?"

तो पायाकडं बघत म्हणाला, "बाबांच्या सप्त्याची जाहिरात चालू हाय आपल्या चॅनलवर महिनाभर. आता तुमीच समजून घ्या."

"तुज्याकडं हाय का ते अख्खं?"

"कार्ड पुसून पुन्यांदा वापरावं लागतं, मावशी. एकच कार्ड हाय मला."

म्हणून मी नगरला तुमच्या ऑफिसात आले. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर तुमचा मोठा टीव्ही. बाकावर एक म्हातारा बसला होता, त्यानं सरकून जागा केली. "बसा ताई," म्हणाला. बऱ्याच दिवसांत मला कुणी बसा म्हणालं नव्हतं. मी त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं असेल.

त्याचं नाव खुर्शीद. श्रीरामपूरचा, सायकलदुरुस्तीचं दुकान. त्याचा धाकटा भाऊ मौलाना. त्यानं एका सोळा वर्षांच्या पोरीचा निकाह लावला, म्हणून बाबांवर गुन्हा झाला त्याच आठवड्यात पकडला गेला.

"भावाचं चुकलं," खुर्शीदभाई म्हणाले. "मी त्याच्या तोंडावर बोललो, तुझं चुकलं. सजा होऊ द्या. पण ताई, तुमच्या बाबांवर 'कथित' आरोप असतात. माझ्या भावाच्या तोंडाभोवती लाल गोल काढतात. 'मौलवीचा काळा कारनामा' लिहितात. कलम तर एकच आहे ना?"

"एकच हाय."

"आणि माझ्या घराचं दार दाखवतात रोज. अहो, त्या दारातून माझी नातवंडं शाळेत जातात."

आम्ही बोलत होतो तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीत त्यांचं ते दार आलं. हिरवा रंग उडालेलं, वर नालाचा लोखंडी तुकडा ठोकलेला. खुर्शीदभाईंनी मान खाली घातली. मग मीही घातली.

तुम्ही खाली आला नाहीत. एक चष्मेवाला पोरगा पाठवलात. तो उभ्या उभ्या म्हणाला, "मावशी, बातमी दीड मिनिटाची असते. सगळं कसं बसणार?"

"ह्यांचं दार बसतंय की रोज."

"हे बघा, उगाच धार्मिक वळण देऊ नका."

"वळन मी देती व्हय रं? तू त्यांच्या तोंडाला गोल काढतूस आन् वळन मी देती?"

त्यानं वॉचमनकडं बघितलं. आम्ही दोघं बाहेर आलो. स्टँडपर्यंत बरोबर चाललो. त्यांची गाडी आधी लागली. चढताना ते म्हणाले, "तुमचं अर्धं तरी दाखवलं. आमचं तर कुणी विचारलंच नाही." मग गाडी गेली आणि मी पुन्हा एकटी.

घोडेगावच्या बाजारादिवशी सासरचे सगळे बैलांच्या सौद्यात असतात, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी गेले. रेणुका घरामागं शेणाच्या पाट्या टाकत होती. मला बघून तिनं पाटी खाली ठेवली नाही.

मी सगळं सांगितलं. दोन्ही वाक्यं, जशीच्या तशी. ती ऐकत राहिली.

"खरं वाटतंय मला," ती म्हणाली. "तू असंच बोलली असशील. पन मला वाटून काय उपेग? सासऱ्यानं तुजा व्हिडिओ माज्यापुढं धरला. म्हनला, बघ, तुजी सख्खी मावशी बी देव म्हनती, तू कोन लागून गेलीस? रोज जेवायच्या टायमाला लावायचा. ताट पुढं आन् तू मोबाईलमदी."

"दुसऱ्या चॅनलवर लागलं हुतं की गं तुज्या बाजूचं."

"ते ह्या घरात कोन बगतं?"

ती म्हणाली, "मावशी, पयलं वाक्य बोललीसच कशाला?"

"खरं हुतं म्हनून."

"खरं हुतं. पन ते निवेदिताच्या वाट्याचं खरं हुतं. माज्या वाट्याला न्हाई आलं."

मग पाटी ओतून हात पुसत म्हणाली, "मी जबाब बदलला. माजं वय तवा अठरा हुतं आसं लिहून दिलं. तू आता येत जाऊ नकोस. बगितलं कुनी तर पुन्ना व्हिडिओ चालू हुईल."

घरातून ती पोरगी बाहेर आली, नणंद. शाळेचाच फ्रॉक, रिबिनी सोडलेल्या. मला बघून म्हणाली, "तुमीच का त्या टीव्हीतल्या?" आणि आपल्याकडं मोठं माणूस आल्यासारखी हसली.

तिथून मी सरळ ठाण्यात गेले. पोरगी आठवीत आहे, शाळेत विचारा, लग्न थांबवा, असं सांगितलं. साहेबानं माझ्याकडं निरखून बघितलं, मोबाईल काढला, तुमचीच बातमी लावली आणि माझ्यापुढं धरली. "ह्या तुम्हीच ना? बाबा देव म्हणणाऱ्या? मग आता काय बिनसलं?" आधार कार्डावर पोरीचं वय अठरा आहे म्हणे. शाळेत बघतो म्हणाला. कधी, ते सांगितलं नाही.

बाबा सुटून आले. मिरवणूक तुम्ही पूर्ण दाखवलीत, तेव्हा दीड मिनिटाची अडचण आली नाही. आता टेकडीच्या फाट्यावर विवाह सोहळ्याचा फ्लेक्स लागलाय. वर बाबा, खाली वधूवरांची नावं, कोपऱ्यात तुमच्या चॅनलचं चिन्ह, थेट प्रक्षेपण. नावांमध्ये त्या पोरीचं नाव आहे. मी ते रोज चालत जाताना वाचते, कारण जीपमध्ये मला अजून जागा नाही.

मला पडद्यावर घेऊ नका. माझी माफीही मागू नका. रेणुका मला परत मिळणार नाही, तेही मला कळलंय. पण तुमचा कॅमेरा त्या मांडवात उभा राहणार आहे. माईक पोरीच्या तोंडापुढं धरला जाणार आहे, कसं वाटतंय म्हणून विचारायला. तेव्हा कितवीत आहेस, एवढं तिला विचारणार का? आणि ती आठवी म्हणाली, तर ते दाखवणार, की तेवढंच कापणार?

बोला.