माझ्याच बटणांनी पुसलेला नावाडी

मित्रांनो, अंगावरची निम्मी अक्षरं झिजून गेलेला मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्यासारखे कुणी आपली कहाणी सांगायला बसले की आधी मालकाचे गुण गातात. मी गाणार नाही. मला त्याची किळस आली आहे, आणि त्याच्या बोटांखाली निमूटपणे चालत राहिलो म्हणून स्वतःचीही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि "हा टिकेल" असं म्हणून मला खोक्यात ठेवलं. पुढे मी अर्ज लिहून देणाऱ्या एका दुकानात कामाला लागलो. तिथल्या टायपिस्ट मावशी माझ्याकडे न बघता पानंच्या पानं लिहीत. समोरचा माणूस ओळखीचा असो की नसो, त्याचं म्हणणं त्या जसंच्या तसं उतरवत. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाने अर्जात दोन खोट्या ओळी घालायला सांगितल्या. मावशी म्हणाल्या, "घरी ये, पोटभर जेवायला वाढते. इथे मात्र खोटं लिहायची नाही." भाऊ रुसून गेला, पण मला मावशींचा फार अभिमान वाटला. दुकान बंद झालं तेव्हा त्यांनी मला स्वच्छ पुसलं, वायर नीट गुंडाळली आणि एका ओळखीच्या माणसाला दिलं.

हा माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवत असे. त्याच्या खोलीत खिडकीखाली टेबल होतं. कपाट उघडायचं तर खुर्ची पुढे सरकवावी लागे, इतकी ती खोली अरुंद. दुकानातून आणलेल्या मऊ फडक्याने तो मला रोज पुसायचा. सुरुवातीला वाटलं, नशीब काढलं.

तो संगणकावर एक खेळ खेळत असे. नदीकाठचं एक गाव, आणि ते सगळं शब्दांतलं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं, काय बोलतं ते लिहायचं. कोणी वैद्य, कोणी सरदार, कोणी चोर. दूरदूरची माणसं त्यात वर्षानुवर्षं लिहीत होती. भांडणं झाली की निकाल द्यायला सहा पंच होते. त्यांना पगार नव्हता, हौसेने करायचं काम. माझा मालक त्यांतला एक. दुकानात दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घेणारा हा माणूस पंचाच्या खुर्चीत बसला की ताठ व्हायचा. ते मी समजू शकत होतो. पण लवकरच निकाल तोंड बघून लिहिले जाऊ लागले. ओळखीच्याने शिवी दिली तर "गंमत होती", नवख्याने दिली तर आठ दिवस बाहेर. दोन्ही वाक्यं माझ्याच बटणांवरून गेली.

खेळातला सरदार म्हणजे माझ्या मालकाचा मेहुणा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. आणि त्या गावात एक नावाडी होता. त्याचं लेखन करणारी बाई खऱ्या आयुष्यात दवाखान्यात नर्स होती. नव्या खेळाडूंना नावेत बसवून ती गाव दाखवायची, कसं लिहायचं ते शिकवायची. सरदाराला नावाड्याचा घाट आपल्या ताब्यात हवा होता. नर्स काही बधेना. मग एका संध्याकाळी सरदाराने तिला न विचारताच तिची नाव बुडवली. दुसऱ्याच्या पात्राला त्याच्या संमतीशिवाय इजा करायची नाही, हा त्या खेळाचा पहिला नियम. नर्सने तक्रार केली.

मेहुण्याचा लगेच फोन आला. "भाऊजी, ती बाई माझ्या मागे लागलीय. तुम्ही बघता ना?"

"मी असताना तुला कोण हात लावतंय?" मालक म्हणाला.

आपलं पात्र किंवा आपलं माणूस ज्या प्रसंगात असेल, त्याचा निकाल आपण द्यायचा नाही, असाही एक नियम होता. पण मेहुण्याचं नातं कुणाला माहीत नव्हतं. शिवाय मालकाचं एक लपवलेलं दुसरं पात्र होतं, घाटावर बसणारा भिकारी. तेही कुणाला माहीत नव्हतं. त्याने तक्रार स्वतःकडे घेतली आणि निकाल लिहिला: नावाडीच भांडखोर, तीन दिवसांनी हे पात्र त्याच्या सगळ्या लेखनासह पुसण्यात येईल. पुरावा म्हणून त्याने नाव बुडाल्याचा प्रसंग आपल्या पडद्यावरून उचलला आणि सगळ्यांसमोर चिकटवला.

इथे शहाण्याचं डोकं चालेनासं झालं. त्या खेळात पात्रं एकमेकांच्या कानात कुजबुजू शकत. ती कुजबूज फिकट अक्षरांत फक्त त्या दोघांच्याच पडद्यावर उमटे. मालकाने उचललेल्या प्रसंगात तीही आली. भिकारी सरदाराच्या कानात म्हणत होता, "बुडव बिनधास्त. पुढचं मी निस्तरतो."

नर्सने शांतपणे लिहिलं, "ही कुजबूज फक्त सरदाराला आणि भिकाऱ्याला दिसू शकते. मग पंचांकडे कशी आली?"

मला वाटलं, आता तरी याची मान खाली जाईल. बाकीच्या पाचांची खलबतं झाली. त्यांचा मुख्य, ज्याला सगळे दादा म्हणत, त्याने लिहिलं, "आपल्या माणसाला आपणच सांभाळायचं. त्या ओळी काढ आणि तिला आजच पुसून टाक. विषय संपव." एकानेही हूं की चूं केलं नाही. एकाने तर हसरं तोंड पाठवलं.

तेवढ्यात नर्सचं दुसरं पत्र आलं. मित्रांनो, ते मला अजून पाठ आहे. "नावाडी आधी माझे बाबा लिहायचे. आजारपणात हात चालेना, तेव्हा त्यांनी तो मला दिला. ते जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं चार वर्षांचं लेखन या पात्रातच आहे, माझ्याकडे दुसरी प्रत नाही. मला काढा, माझी हरकत नाही. फक्त आधी त्यांच्या ओळी मला द्या."

प्रत काढून पाठवायला दोन मिनिटं पुरली असती. मालकाने जांभई दिली. मेहुण्याला लिहिलं, "रडगाणं सुरू झालं बघ." पात्र पुसायचं तर त्याचं नाव पूर्ण टाइप करावं लागे. त्याने ते केलं. ना, वा, डी. एकही बटण अडकलं नाही. मी टिकाऊ आहे ना! मग त्याने टॉवेल घेतला आणि गाणं गुणगुणत अंघोळीला गेला.

त्याची बायको घडी केलेले कपडे कपाटात ठेवायला आली. खुर्ची सरकवताना तिची नजर पडद्यावर गेली. ती उभ्यानेच सगळं वाचत राहिली. तो बाहेर आला तेव्हा तिने विचारलं, "अहो, हे काय आहे?"

"खेळ आहे गं. तुझ्या भावासाठीच केलं."

"माझ्या भावाचं नाव पुढे करू नका. बाप गेलाय तिचा. चार ओळी मागत होती बिचारी, त्याही नाही दिल्यात? शी!"

"अगं, एवढं काय त्यात? पंचाला कडक व्हावं लागतं."

ती खुर्चीत बसली आणि एका बोटाने, अक्षरं शोधत, नर्सला लिहू लागली. "मी सरदाराची बहीण आणि पंचाची बायको. निकाल खोटा होता. तुमच्या वडिलांचं लेखन पुसलं गेलं. मला लाज वाटते." मावशींच्या नंतर माझ्यावर लिहिलेलं पहिलं खरं पत्र ते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नर्सने लिहिलं होतं, "कुणी कबूल तरी केलं. एक विचारू? तुमचे भाऊ नवीन होते तेव्हा बाबांनीच त्यांना लिहायला शिकवलं. वर्षभर ते रोज बाबांच्या नावेत बसायचे. त्यांच्याकडे त्या दिवसांची प्रत असेल तर बघाल का?"

बायकोने तिथल्या तिथे भावाला फोन लावला. स्पीकर चालू होता, मी शब्दन् शब्द ऐकला.

"त्या म्हाताऱ्याचं होय?" तो हसून म्हणाला. "ताई, तो कचरा मी कधीच उडवला."

तिने फोन ठेवला. मग माझ्यावर, पुन्हा एका बोटाने, नर्सला एवढंच लिहिलं, "नाही मिळालं."

मित्रांनो, माझी धूळ पुसा, माझ्यावर चहा सांडू नका, असं मी सांगणार नाही. रोज पुसूनही मी स्वच्छ राहिलो नाही. उद्या तुमच्या हातात कुणाला काढून टाकायचा अधिकार येईल. समोर तुमचा मित्र, नाहीतर मेहुणा उभा असेल. तेव्हा आमच्या अंगावरून आधी हात उचला आणि निकालाला दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.