कदंब तोडण्याआधी

"अहो, नुसतं कुंकू नका लावू. तोंडाने म्हणा काहीतरी," खोलीतून सुनीतीबाई म्हणाल्या.

"म्हणालो."

"काय म्हणालात?"

"माफ कर म्हणालो. आता त्यालाही अर्ज करू का?"

झाड तोडण्याआधी त्याची पूजा करून क्षमा मागायची, ही दिगंबररावांच्या घरची रीत. बंगालात, बागबाजारात दोन पिढ्या गेल्या, तरी ती सुटली नव्हती. अंगणातल्या कदंबाचा बुंधा पोकळ झाला होता आणि मागच्या वादळापासून तो नेमका सुनीतीबाईंच्या खोलीवर झुकला होता. अर्धांगवायूने त्या खाटेला खिळलेल्या. डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हणून बजावलेलं. त्यात चैत्र लागला, वादळांचे दिवस आले. खिडकीची झडप वाजली तरी दिगंबरराव तार-ऑफिसात खुर्चीवरून उठायचे. महापालिकेच्या परवानगीवाचून झाडाला कुऱ्हाड लावता येत नव्हती. आज तिथले बाबू पाहणीला यायचे होते.

ते दुपारी आले. तोवर गल्लीतल्या बायकांनी बुंध्यावरचं कुंकू पाहिलं होतं. कुणी जास्वंद वाहिली, कुणी बत्तासे ठेवले, एकीने शंखही फुंकला.

"ये तो ठाकुर का गाछ है, दादा," देवाचं झाड समजून बाबूंनी हात जोडले.

"नहीं, नहीं. काटना है, इसलिए पूजा किया. हमारे में ऐसा ही करते हैं."

"पूजा भी करेगा, काटेगा भी?" बाबू हसले. मग कुंपणाशी जमलेल्या बायका दिसल्या आणि त्यांचं हसू गेलं. "पाड़ा का लोग हमको छोड़ेगा नहीं. पहले सबका सम्मति लाइए."

दिगंबररावांनी बुंध्यावर थाप मारून पोकळ आवाज ऐकवला. एक म्हातारी कळवळून बंगालीत म्हणाली, "देवाला मारू नकोस रे, बाबा."

बाबू निघून गेले.

"दिली ना परवानगी?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"देतील. आधी शेजाऱ्यांना विचारायचंय."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

संध्याकाळी पश्चिमेकडे आभाळ काळवंडलं. वाळत घातलेली धोतरं फडफडू लागली, वर कुठेतरी फांदी करकरली. दिगंबररावांनी आपली खाट ओढत आणली आणि सुनीतीबाईंच्या खाटेला लावून टाकली.

"इथे कशाला?"

"तिकडच्या खोलीत उकडतं."

त्यांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दार तरी उघडं ठेवा. तुम्हाला पळता येईल."

दिगंबरराव उठले, दाराला आतून कडी घातली आणि परत येऊन आडवे झाले.