छातीत गॅस धरला

मी गझाला, आर्णीच्या नौशाद मेकॅनिकची लेक. हृदयरोगाने कुठल्या देशात किती माणसे मरतात हे मोजणाऱ्या एका पाहणीत आमच्या तालुक्याचे काम माझ्याकडे होते. माणूस गेलेल्या घरी जायचे, त्याचा शेवटचा दिवस विचारायचा आणि घरच्यांच्याच शब्दांत लिहायचा. मरण कायले मोजता, असे विचारणारे पुष्कळ भेटले. मी सगळ्यांना पुरून उरले.

साल २००६. तेव्हा कापूसवाला शेतकरी मेला की विष प्यायला, असे लोक डॉक्टरच्या आधी ठरवून मोकळे व्हायचे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे किसनसिंग फवारणीला निघताना अंगणातच कोसळले, तेव्हाही तेच ठरले. त्यांची बायको नंदाबाई मला म्हणाली, "सकाळपासून छातीत गॅस धरला म्हनत होते. मी ओवा देल्ला. जहर नाही घेतलं त्यायनं, पोरी. एवढं लिहून घे."

मी लिहिले, छातीत गॅस धरला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळेल. पाहणीच्या शहरातल्या ऑफिसातल्या डॉक्टरांना नाही कळले. दोन महिन्यांनी मरणाच्या कारणांची यादी आली: किसनसिंग, फवारणीच्या विषारी गॅसने मृत्यू.

माझे डोके सणकले. मग शरम वाटली, कारण नुसता शब्द लिहून मीच थांबले होते. अब्बांची लुना काढली आणि पुन्हा तांडा गाठला. तांड्यावर आईला म्हणतात तशी हाक मारली, "याडी, सगळं पहिल्यापासून सांग." घाम किती, कोणता हात भरून आला, किती वेळ. आणि फवारणीचा पंप?

"कोरडाच होता. औषध कालवलंच नोहतं."

दोन पाने भरून पाठवली. वर ठणकावून लिहिले, इथे गॅस म्हणजे छातीतली कळ.

उत्तर आले: हृदयविकाराचा झटका. सोबत सगळ्या देशांसाठी छापलेला नवा फॉर्म. त्यात एक प्रश्न वाढला होता: छातीच्या दुखण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? तो प्रश्न आर्णी तालुक्यातून गेला होता. माझी छाती फुगली, खोटे कशाला बोलू?

नंदाबाईने तांडा गोळा करून मला ते उत्तर तीनदा वाचायला लावले. "आता बोला," ती म्हणाली. मग हळूच मला विचारले, "बाकीच्या देशायतल्या बायकाबी ओवाच देत असतीन का?"

"काहीतरी देतच असतील."

"मंग त्यायले सांगजो, ओवा देत बसू नका. गाडी बोलवा."

फॉर्मवर त्याला रकाना नव्हता. मी समासात लिहिले, तिच्याच शब्दांत. आणि या वेळी ओवा म्हणजे काय, तेही लिहिले.