उन्हात आडवे पारवे

पारवे मी जन्मभर पाहिले, पण खालून. शनिवार पेठेत आमच्या घरासमोरच्या वळचणीला ते बसत आणि आम्हांला दिसत ती त्यांची पोटं आणि लाल पाय. त्यामुळे वाघोलीच्या गच्चीवर त्या दुपारी जे दिसलं, त्याचा मी एकच अर्थ लावला.

मुलाला आणि सुनेला कंप्युटरच्या नोकऱ्या लागल्या आणि आम्ही वाघोलीला राहायला गेलो. बिल्डिंगच्या मागे तेव्हा अजून ज्वारीची शेतं होती. चैत्रात मी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. त्या उलटायला गेले, तर प्लास्टिकच्या कडेला तीन पारवे पडलेले. एक कुशीवर कलंडलेला, एक पंख सरळ आभाळाकडे ताणलेला. दुसऱ्याची शेपटी पंख्यासारखी पसरलेली, पाय मागे लांब. तिसऱ्याची चोच उघडी, डोळ्यांवर पांढुरकी पापणी. कडेच्या पापड्या टोचलेल्या होत्या.

आणि थोड्या वेळापूर्वीच माझ्या नातीनं, संस्कृतीनं, त्याच कडेच्या अर्धवट वाळलेल्या पापड्या मूठभर खाल्ल्या होत्या. मीच काढून दिल्या होत्या. आमच्या लहानपणी वाळवण राखणाऱ्या मुलांचा तो हक्कच असे.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी तात्याराव वर आले. बिल्डिंगची जमीन मूळची त्यांचीच.

"तात्याराव, यांना काय झालं हो?"

त्यांचा चेहरा उतरला. "आरं देवा. कालच ह्या टाकीच्या खोलीत उंदराचं औषध टाकलंय. खाली नोटीस लावलीय की."

"मी नाही वाचली."

"तुम्ही शनिवारातल्या ना? पाट्या लावायची रीत तुमची, आन वाचायच्या आम्ही?"

एरवी मी उत्तर दिलं असतं. तशीच जिना उतरले.

संस्कृती झोपली होती. कुशीवर, एक हात डोक्याच्या वर टाकून. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागत होता, पण मला तो हळू वाटला. येरवड्याला सुनेच्या, अपेक्षाच्या, ऑफिसात फोन लावला.

"अपेक्षा, संस्कृतीनं पापड्या खाल्ल्यात, आणि वर त्याच खाऊन पारवे मरून पडलेत. उंदराचं औषध टाकलंय म्हणे."

"मग मला फोन काय करत बसलाय, आई? उठवा तिला! डॉक्टरांकडे न्या! मी निघाले."

गेल्याच महिन्यात ती पाळणाघराचं बोलली होती, तेव्हा मी फणकाऱ्यानं म्हटलं होतं, मी काय मेले आहे का?

पोरीला हलवून उठवलं. "पोटात दुखतंय का गं?"

"हो."

"कुठे?"

तिनं गुडघा दाखवला.

काय खाल्लं ते डॉक्टर विचारणार, म्हणून पापडी न्यायला तिला कडेवर घेऊन मी पुन्हा वर गेले. तात्याराव पारवे भरायला पोतं उघडून उभे होते. त्यांनी काठीनं पहिल्या पारव्याला ढकललं. वर ताणलेला पंख मिटला. पारवा उठला, आपल्या नारिंगी डोळ्यानं तात्यारावांकडे नाराजीनं बघितलं, जरा पलीकडे गेला, दुसऱ्या कुशीवर आडवा झाला आणि दुसरा पंख वर केला.

"आयला! ऊन खातंय हे!"

"आजी, त्यानं कूस बदलली," संस्कृती म्हणाली.

माझा जीव काही भांड्यात पडेना. "आणि औषध?"

तात्यारावांनी टाकीच्या खोलीचं कुलूप काढून दार उघडलं. दाराला फट नव्हती. आत थाळीत औषधाच्या वड्या होत्या तशा होत्या, एकीलाही दात लागलेला नव्हता. तेव्हा कुठे मी तापलेल्या फरशीवर बसले.

अपेक्षा गच्चीवर आली ती गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात सँडल, धापा टाकत. लेकीच्या तोंडाचा वास घेतला, पापण्या उलटून पाहिल्या. झालं ते सगळं मी सांगितलं. तिनं त्या आडव्या पारव्यांकडे बघितलं. मग खाली वाकली, एक पापडी उचलली, तोंडात टाकली आणि चावत राहिली.

"मीठ कमी पडलंय, आई. उद्या घालाल त्यात बघा."

मीठ बरोबर होतं. भीतीनं तिच्या तोंडाचीच चव गेली होती.